काखेतला कोंबडा

फार फार वर्षांपूर्वी, सूर्य कोंबड्याला विचारून उगवत असे तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटत असेल तर सूर्याला विचारा.

डोंगराखालच्या एका गावात एक बुरुडीण राहत होती. नवरा बांबू फोडायचा, ती सुपं-टोपल्या विणायची. परसात नऊ कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. तुरा असा लाल, की वाटसरू त्यावर चिलीम पेटवायला थांबत. आणि स्वभाव असा तिखट, की परसातून कुणी चाललं की याची उडी थेट पोटरीवर.

पहिली उडी शेजारच्या कासारणीवर पडली. ती घाबरली. ओच्यात ज्वारी होती, ती मूठभर फेकली आणि कोंबडा दाणे टिपेपर्यंत पळून गेली. युक्ती सोपी होती. मग बुरुडीणही तेच करू लागली, नवराही. विहिरीवर जायचं, फेक मूठभर. सरपण आणायचं, फेक मूठभर.

कोंबडा ऐटीत म्हणाला, "पाहिलंत? मी उडी मारतो आणि गाव मला खंडणी देतं."

"आणि आम्ही काय खायचं?" एका पिवळ्या कोंबडीने विचारलं. उत्तरादाखल तिला पाठीवर टोच मिळाली. हळूहळू कोंबड्या खुराड्याबाहेर येईनाशा झाल्या, अंडीही देईनाशा झाल्या.

एके दिवशी नवऱ्याची पोटरी रक्ताने भरली. तो ओरडला, "बास! मंगळवारी पाहुणे येणार आहेत. याचा रस्सा!"

"अहो, ससाणा आला की हाच कोंबड्यांना वाचवतो. मंगळवारपर्यंत मला वेळ द्या."

"तोवर माझा दुसरा पाय शाबूत राहील का?"

"उडी मारली की खायला मिळतं, हे त्याला आपणच शिकवलं. आता मोडायचंही आपणच."

दुसऱ्या दिवशी बुरुडीण रिकाम्या हाताने परसात उतरली. कोंबड्याने उडी मारली. तिने सूप आडवं धरलं. मागे सरली नाही, मारलंही नाही. त्याने सात उड्या मारल्या, सातही सुपावर. आठव्या उडीला दमला, तसा तिने त्याचे पंख दाबून त्याला काखेत धरलं आणि कामाला लागली. विहिरीवर गेली, काखेत कोंबडा. चूल पेटवली, काखेत कोंबडा. कोंबड्यांना दाणे टाकले तेव्हाही तो काखेतूनच बघत होता.

"अगं बाई, महाराज पालखीत!" पिवळी फिसकन हसली.

"खाली सोड ना," कोंबडा कुरकुरला. "बायका हसताहेत."

"मी सोडते. तू उड्या सोड."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी तो जरा शहाण्यासारखा वागला. चौथ्या दिवशी मात्र त्याने बुरुडिणीच्या हाताला टोच मारून रक्त काढलं. तिने कुंपणाबाहेर पाहिलं, तर कासारीण हळूच ज्वारी फेकत होती.

"काकू, हे काय?"

"भीती वाटते गं मला. मूठभर ज्वारीने तो गप्प बसतो, तर तुझं काय जातं?"

"माझा कोंबडा जातो. उद्या मंगळवार. या इकडे." बुरुडिणीने तिचा हात धरून तिला परसाच्या मधोमध उभं केलं. "पळायचं नाही, फेकायचं नाही."

"आणि त्याने पोटरी फोडली तर?"

"मी शेजारी उभी आहे."

कासारणीने डोळे गच्च मिटले. कोंबडा पंख फुलवून धावत आला. तिच्या पावलांशी थांबला. ती हलेना. पदरातून दाणाही पडेना. त्याने एक पाय उचलला, बुरुडिणीच्या काखेकडे नजर टाकली आणि विचारात पडला. मग पाय खाली ठेवून तो जमिनीत किडा शोधू लागला. तिथे किडा नव्हताच.

मंगळवारी पाहुण्यांना पिठलं वाढलं गेलं. ते जरा हिरमुसले. पण परसात नवरा वाकून बांबू निवडत होता आणि कोंबडा त्याच्या पाठीमागून, सरळ मान करून, आपल्या नऊ कोंबड्यांना दाण्यांकडे नेत होता.

म्हणून सांगतो, अंगावर येणाऱ्याला भिऊन दिलेला घास त्याची भूक भागवत नाही, त्याला चटक लावतो.