शेवटची ओळ

फार फार जुनी गोष्ट. एका रानात एक हरिणी राहत होती. तिचं पाडस इतकं लहान होतं, की त्याला अजून गवत खाता येत नव्हतं. आईच्या दुधावरच ते जगत होतं.

पण बाळांनो, गोष्ट हरिणीची नाही. तिच्या कातडीखालच्या एका पेशीची आहे. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारं इवलंसं घर. अशा अगणित घरांची मिळून ती हरिणी झाली होती. मोठ्यांनीही ऐका, कारण चूक मोठ्यांचीच होती.

त्या वस्तीत एक रीत होती. प्रत्येक पेशीच्या पोटात एक पोथी असे. कसं जगायचं, ते सगळं तीत लिहिलेलं. एकीच्या दोन व्हायची वेळ आली, की आधी खाऊनपिऊन मोठं व्हायचं, पोथीची नक्कल करायची आणि शेजारणीला ती अक्षर न् अक्षर वाचून दाखवायची. शेजारीण ‘हं’ म्हणाली, की दोन पोथ्या दोन टोकांना न्यायच्या आणि कमरेत आवळत आवळत दुभंगायचं. मागे आई उरत नसे. आईच्याच दोन लेकी होत.

एकदा काटेरी झुडपातून पळताना हरिणीच्या मांडीला खोल जखम झाली. कडेच्या पेशींची धांदल उडाली. त्यांतली एक भारी उतावळी. नक्कल संपते न संपते तोच ती कंबर आवळायला लागली.

“अगं, आधी वाचून दाखव,” शेजारची म्हातारी पेशी म्हणाली.

“आजी, इथे रक्त वाहतंय आणि तुम्हाला वाचन सुचतंय?”

“निदान शेवटची ओळ तरी.”

“शेवटची ओळ काय पळून जाते?”

म्हातारीला राग आला. “कर मग तुझ्या मनासारखं,” असं म्हणून तिने न ऐकताच ‘हं’ म्हणून टाकलं.

नकलेत नेमकी शेवटचीच ओळ राहून गेली होती. ‘शेजारणीला अंग टेकलं, की थांब.’ मूळ पोथी थोरल्या लेकीला मिळाली, नक्कल धाकटीला.

जखम भरली. सगळ्या पेशी थांबल्या. धाकटी थांबली नाही. तिच्या दोन झाल्या, मग चार, मग आठ. प्रत्येकीच्या पोटात तीच अपुरी पोथी.

म्हातारीने एकदा त्यांतल्या एकीची पोथी पाहिली. ती म्हणाली, “पोरी, यात तुझा दोष नाही. पण जिची पोथी चुकली तिने आपलं घर आपणच मोडायचं, अशी रीत आहे.”

“मी का मरू? माझ्याएवढी भरभराट आहे का कुणाची?”

म्हातारीने वस्तीत कुणालाच काही सांगितलं नाही. ‘हं’ तिनेच म्हटलं होतं.

मांडीवर गाठ आली. हरिणी खाई ते सगळं गाठीच्या पोटात जाई. हरिणीच्या बरगड्या दिसू लागल्या. दूध आटलं. पाडस कोरड्या आचळांना ढुशा देत राही. एका सकाळी ती झाडाखाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

“आजी, आज खाणं आलं नाही,” गाठीतली एक पेशी म्हणाली.

“आता येणार नाही. हरिणी गेली.”

“मग आपण?”

संध्याकाळपर्यंत वस्तीतलं एकेक घर विझत गेलं. गाठीतलीही विझली. बाहेर पाडस आईला हुंगत उभं होतं. चार दिवसांनी तेही तिच्याशेजारीच आडवं झालं.

तात्पर्य : कुठे थांबायचं हे जो विसरतो आणि ते दिसूनही जो गप्प बसतो, ते दोघे मिळून सगळ्यांचं घर बुडवतात.