कणांमधली हवा

“मग कणाकणांच्या मधे काय आहे म्हणते ती?”

“हवा!” हेमांगी फणकारली. “नववीतली मुलगी, सर. किती वेळा शिकवलं. घन, द्रव, वायू... तिन्हींचे कण कसे सुबक काढते. आणि मधली जागा निळ्या रंगाने भरून टाकते.”

विश्वंभरबुवा हसले. मठात त्यांना सगळे बुवाच म्हणत. हेमांगीला त्यांनी कधीकाळी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, म्हणून तिच्या तोंडी अजून सरच.

“तू काय सांगितलंस तिला?”

“म्हटलं, हवासुद्धा कणांचीच. मग त्या कणांच्या मधे काय? तर म्हणते, बाई, अजून बारीक हवा.”

“हुशार आहे.”

“हट्टी आहे! मधे काही नसतं, काहीच नाही, एवढं म्हणून गळी उतरत नाही. उद्या तिचा तक्ता प्रदर्शनातून काढून टाकणार आहे. रडेल, रडू दे. माझ्या वर्गातून चूक बाहेर जायची नाही.”

“तुला पटलं होतं? काहीच नाही, हे?”

“तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी.” तिने मान ताठ केली.

बुवा उठले. आपलं आसन उचलून सभामंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. डोळे मिटून घेतले.

...

हेमांगी वाट पाहत राहिली. समई पाहून झाली. पोपडे आलेली भिंत पाहून झाली.

...

“सर, चहा झाला का तुमचा?”

बुवांचे डोळे मिटलेलेच.

“इथे माकडं येतात का हो? आमच्याकडे फार. म्हणजे... माझ्याकडे. हे लग्नानंतर पंधरवड्यातच बोटीवर परत गेले ना. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला. घर तसं छान आहे, ऐसपैस. मी आपली रेडिओ लावून ठेवते. शाळेत निघाले तरी बंद करत नाही. ऐकायला कोणी नसतं, पण परत येऊन कुलूप काढलं की निदान...”

ती थांबली. रिकाम्या मंडपात तिचाच आवाज जरा वेळ घुमला आणि विरला.

...

बुवांनी डोळे उघडले. जागचे हलले नाहीत. तिथूनच म्हणाले,

“मग त्या पोरीच्या चित्रातही थोडे दिवस हवा असू दे.”