ओढ्यातलं तांबं

टांकसाळीच्या मोरीचं हिरवट पाणी ओढ्यात उतरे आणि खालच्या वाडीतली गुरं ते पिऊन आजारी पडत. वाडीच्या आवडाबाईंनी दरबारात तक्रार नेली. कारभारी विसाजीपंत म्हणाले, "टांकसाळीतून तांब्याचा कणही बाहेर जात नाही."

आवडाबाईंनी वाद घातला नाही. मोरीच्या तोंडाशी त्यांनी नारळाची सोडणं दाबून भरली. पाण्यातलं तांबं सोडणांनी धरून ठेवलं आणि ओढा निवळला. मग सोडणं जाळून त्यांनी राख सोनाराकडून आटवून घेतली आणि निघालेला तांब्याचा गोळा महाराजांपुढे ठेवला.

पंत उसळले. "चोरी आहे ही, महाराज. हे तांबं टांकसाळीचंच. मी शपथेवर सांगतो."

"वर्षभर मी हेच सांगतेय," आवडाबाई म्हणाल्या. "फक्त माझी शपथ कोणी खरी धरत नव्हतं."