पहिली अळी

माणसांनी औषधं शोधली त्याच्याही आधी एका आमराईत ठोकेराव नावाचा सुतारपक्षी झाडांचा वैद्य होता. खोडातून भुसा गळू लागला की झाड त्याला हाक मारी. ठोकेराव भोक पाडी, चोचीला लागेल ती अळी गिळून टाकी आणि खोल दडलेल्यांसाठी कडुलिंबाचा लेप भरी. थोड्या दिवसांत झाड पालवे.

एकदा शेजारच्या दोन आंब्यांना एकदमच कीड लागली. दोघांना तोच लेप दिला. थोरला बरा झाला. धाकट्याची मात्र फांदीमागून फांदी वाळत चालली.

"पथ्य पाळत नसशील!" ठोकेराव कडाडला. "माझा लेप आजवर वाया गेलेला नाही."

"मी जागचा हलत नाही, ठोकेराव. कुपथ्य करायला जाणार कुठे?" धाकटा म्हणाला. "गिळण्याआधी एकदा त्या अळीकडे बघा तरी."

अळी बघायची असते हे ठोकेरावला ठाऊकच नव्हतं; ती खायची असते. तरी त्यानं धाकट्याच्या खोडातली एक अळी लेपावर ठेवली. दिसायला ती इतरांसारखीच. पण मरायचं सोडून ती लेपच चवीनं खाऊ लागली!

"हिची कुळीच वेगळी!" ठोकेराव ओशाळला, पण डगमगला नाही. एकेक पाला वाटून त्यानं अळीपुढे ठेवला. करंजाच्या पाल्यावर ती आडवी झाली. तोच त्यानं खोडात भरला, आणि धाकट्याला तांबूस पालवी फुटली.

ठोकेरावच्या घराण्यात आजही पहिली अळी गिळत नाहीत. आधी तिला लेप चाटवतात. आणि ती मेली नाही, तर झाडाला बोल लावत नाहीत, लेप बदलतात.