गवताच्या एका पात्यापायी

विहिरींवर पंप यायच्या आधीची गोष्ट. एका विहिरीच्या दोन काठांवर दोन बाभळी होत्या आणि दोन्हींवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. शेजाऱ्याच्या घरट्यातलं गवताचं पातं पळवायचं आणि मग घटकाभर कचाकचा भांडायचं, ही त्यांची जुनीच रीत.

एका वर्षी अलीकडच्या बाभळीवरच्यांनी रखवालीला गांधीलमाश्या बसवल्या. ते पाहून पलीकडच्या पिवळोबाचा जळफळाट झाला. "त्यांच्याकडे पोळं, आणि आपण असेच उघडे?" असं म्हणत त्याने आग्या मधमाश्या आणल्या. अलीकडे दोन पोळी झाली, म्हणून पलीकडे तीन. पिल्लांना चारा भरवायचं सोडून सगळे एकमेकांच्या पोळ्यांवर नजर ठेवून बसले.

एका सकाळी नेहमीसारखंच कुणीतरी समोरचं एक पातं पळवलं. आरडाओरडा झाला. ठरल्याप्रमाणे गांधीलमाश्या उठल्या, त्या उठल्या म्हणून मधमाश्या उठल्या, आणि समोर येईल त्याला डसत सुटल्या.

दुपारी दोन्ही बाभळींवर एकही पिल्लू चिवचिवत नव्हतं. पिवळोबाची बायको रिकाम्या घरट्यात डोकं खुपसून बसली होती. सुजल्या डोळ्याने समोरच्या बाभळीकडे बघत पिवळोबाने तिला विचारलं, "आपल्यापेक्षा त्यांची जास्त मेली ना गं?"