ढोलीची कडी

पूर्वी मणिवती नगरीत उग्रदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या रानात धनेश पक्षी होऊन जन्मले. अंग काळेपांढरे, चोच हळदीसारखी पिवळी आणि चोचीवर टोप. उडाले की पंखांचा आवाज अर्ध्या रानाला ऐकू जाई.

विणीचे दिवस आले तशी त्यांची मादी बेहड्याच्या ढोलीत शिरली. विष्ठा आणि माती कालवून तिने आतून ढोलीचे तोंड लिंपले, चोच मावेल एवढी फट ठेवली. आत तिची पिसे गळाली. नवी येईपर्यंत तिला उडणे नव्हते. बोधिसत्त्व वड-उंबराची फळे घशात भरून आणत आणि एकेक फटीतून देत. खालच्या मातीत पडलेल्या बियांची रोपे उगवली होती.

राजाच्या वनपालाने, कंबलाने, हे पाहिले. अर्धवट पाहून पूर्ण समजायची त्याला खोडच होती. तो धावत नगरात गेला. "महाराज, रानात एका पक्ष्याने बायकोला भिंतीत चिणले आहे."

राजाला आपल्या न्यायाचा भारी अभिमान. स्वारी लगेच झाडाखाली हजर. "फोडा ती भिंत," तो म्हणाला.

कुऱ्हाडवाला शिडीने चढला. बोधिसत्त्व फटीसमोर पंख पसरून बसले.  भिंत फुटली की मादी आणि नुकतीच अंड्यांतून निघालेली उघडी पिल्ले सापाच्या नाहीतर रानमांजराच्या तोंडी जाणार, हे त्यांना ठाऊक होते. ते तसूभर हलले नाहीत.

"बाजूला हो," राजा म्हणाला. "माझ्या बागेतली सगळी फळझाडे तुला देतो."

"बाग तुमची तुम्हाला लखलाभ. आधी मला तोडा, मग भिंत."

"बायकोला कोंडतोस आणि वर मलाच ऐकवतोस?"

"भिंत तिची आहे. मी नुसती माती आणून दिली. तिलाच विचारा."

फटीतून चोच बाहेर आली आणि तिने कुऱ्हाडवाल्याच्या बोटाला असा चिमटा काढला की कुऱ्हाड खाली पडली. "मला सोडवायला कोणी बोलावले होते?" आतून मादी म्हणाली. "वेळ आली की मीच फोडीन."

बरोबरचे लोक तोंड लपवून हसले. राजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "महाराज, कोंडलेल्यांची एवढी कणव आहे, तर आपल्या अंतःपुराची कडी कुठल्या बाजूला आहे ते एकदा बघा."

राजाचा चेहरा उतरला. कडी बाहेरून होती, आणि लग्न होऊन आल्यापासून सुलसा राणीने हे रान पाहिले नव्हते. तो परतला. त्याने बाहेरची कडी उपटून टाकली आणि नवी कडी आतून बसवून घेतली. दुसऱ्या सकाळी राणीने ती स्वतःच्या हाताने काढली आणि ती बेहडा बघायला आली.

एवढे सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कंबल म्हणजे आज दुसऱ्यांच्या कुटीत डोकावणारा हा भिक्षू रोहक. उग्रदत्त म्हणजे उपासक मंडन, सुलसा म्हणजे त्याची पत्नी. ती मादी म्हणजे भिक्षुणी इसिला, आणि धनेश मी होतो. कुऱ्हाड समोर असताना जागचे न हलणे, याला अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय, म्हणतात."