चार महिने पुरेल एवढी ताई

खाडीच्या कुशीत, हिरव्यागार कांदळवनाच्या पडद्याआड एक इवलंसं गाव होतं. त्या गावाला यायला रस्ता नव्हता आणि जायलाही नव्हता. होती ती एक होडी. पावसाळ्यात खाडी फुगली, की त्या होडीलासुद्धा काठावर ओढून, झावळ्यांची टोपी घालून झोपवून ठेवत. मग नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ पडेपर्यंत गाव अगदी एकटं. मीठ संपलं तरी एकटं आणि काडेपेटी भिजली तरी एकटं.

म्हणून उन्हाळा सरता सरता घरोघरी आगोट भरायची घाई उडे. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. तांदूळ, मीठ, चिंचेचे गोळे, सुके बोंबील, पापड, सरपण. अंगणं कशी रंगीबेरंगी होऊन जात! इकडे लालचुटूक मिरच्या, तिकडे जांभळी जांभळी आमसुलं, मध्ये चंद्राच्या पिल्लांसारखे गोरेगोरे पापड, आणि त्या पापडांवर डोळा ठेवून बसलेले कावळे.

एकच अंगण उघडं होतं. ते छोट्या बकुळेचं.

बकुळा तान्ही असतानाच तिची आई देवाघरी गेली होती. बाबा दिवसभर काथ्याचा सुंभ वळत. घराची आगोट भरायची ती शेवंताताई, आणि शेवंताताई तर चैत्रात लग्न होऊन खाडीपलीकडे गेली होती! जाताना तिच्याबरोबर तिच्या बांगड्या गेल्या, तिची गाणी गेली आणि तिचं हसू गेलं. ताई हसली की फळीवरची भांडीसुद्धा किणकिणत. आता फळीवर रिकाम्या बरण्या गप्प बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक करवंटी होती, आणि करवंटीत बोटभर खोबरेल. ताई बकुळेच्या डोक्याला लावायची ते. बकुळा ते तेल लावत नसे. नुसता वास घेई आणि करवंटी परत जागेवर ठेवी.

"काय गो बकुळे," कुंपणापलीकडून भागीकाकू ओरडत, "आगोट भरतेस की नुसते उसासे भरतेस? उसासे चुलीवर शिजत नाहीत हो!"

भागीकाकूंची जीभ त्यांच्या मिरच्यांशेजारीच वाळत घातलेली असावी, इतकी तिखट. पण त्यांच्या कडेवरची तान्ही सोनटी सदा खुदुखुदु हसायची, त्यामुळे काकूंचं बोलणं तितकंसं लागत नसे.

एके दुपारी बकुळा टोपली घेऊन आमसुलांसाठी रातांबे वेचायला बागेत गेली. झाडाखाली लालबुंद फळांचा सडा पडला होता. वेचता वेचता तिला बारीकसा आवाज आला, काजव्याला शिंक यावी तसा.

बाजूलाच एक पिकलेला फणस पडून फुटला होता. त्याच्या चिकात एक परी अडकली होती! करंगळीएवढी. तिचा झगा रातांब्याच्या सरबताच्या रंगाचा होता. तिचे झिरझिरीत, चमचमते पंख एकमेकांना घट्ट चिकटले होते.

"अगंबाई! दुखतंय का?" बकुळेने विचारलं.

"दुखत नाही गं, लाज वाटतेय," परी म्हणाली. "हावरटासारखी गरे खायला आले आणि बसले अडकून. कुणाला सांगू नकोस हं. तेल आहे का तुझ्याकडे? चीक तेलानेच सुटतो."

तेल होतं, पण ते ताईचं तेल होतं. परीचे चिमुकले डोळे पाण्याने डबडबले, तशी बकुळा धावत घरी गेली आणि करवंटी घेऊन आली. येताना वाटेत तिने एकदाच, शेवटचा, खोल वास घेतला.

मग बोटाच्या टोकाने, थेंबाथेंबाने, तिने परीचे पंख सोडवले. एक पंख, मग दुसरा पंख. झळ्ळकन सगळी बाग गुलाबी झाली.

"करवंटी राहू दे माझ्याकडे," परी म्हणाली. "आणि आता माग. पण एकच गोष्ट. घरातल्या सगळ्या बरण्या भरून देऊ का? तांदूळ, गूळ, मीठ, डाळ?"

बकुळेच्या डोळ्यांपुढे भरलेली फळी उभी राहिली. तरी ती हळूच म्हणाली, "काकूंचे पापड लाटले की त्या तांदूळ देतात. चिंच मी झोडपून आणीन. सरपण बाबा फोडतील. पण ताई कुठेच मिळत नाही गं. मला ताईची आगोट भरायचीय. चार महिने पुरेल एवढी ताई."

परीने टाळी वाजवली, आणि गवतात एक बुटकी, गुलाबी, गुबगुबीत बरणी येऊन बसली.

"हिच्यात हसू टिकतं," परी म्हणाली. "पण नियम आहेत. पहिला नियम, हसू खरं हवं. वरवरच्या हसण्याने ही भरत नाही. दुसरा नियम, दारात कुणाची नड आली तर नाही म्हणायचं नाही. आणि तिसरा, नारळी पौर्णिमेला बरणी मला आणून द्यायची, पण रिकामी नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे तुमच्याकडेही पाळतातच की."

"आणि रिकामी आणली तर?"

"तर ती पुन्हा कधीच भरणार नाही."

त्या दिवसापासून बकुळेला उसासे टाकायला वेळच उरला नाही. तिने काकूंच्या अंगणात पापड लाटले, कावळे हाकलले, चिंचा फोडल्या, काडेपेट्या मेणकापडात गुंडाळल्या. बरण्या एकेक करून भरत गेल्या. शेवटी गुलाबी बरणी पोटाशी धरून ती होडीच्या शेवटच्या फेरीला बसली.

ताईच्या सासरी ताई डोक्यावर पदर घेऊन आली. "बस हं बकुळे," ती म्हणाली आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसली. नव्या सुनांचं हसू तसंच असतं, पाहुण्यांच्या कपासारखं, जपून काढलेलं. बकुळेने झाकण उघडलं. बरणीत काहीसुद्धा पडलं नाही.

मग दोघी परसात विहिरीपाशी गेल्या. ताईने विचारलं, "घरी सगळं नीट आहे ना गो? तेल लावतेस ना डोक्याला?"

"लावते," बकुळा खोटंच म्हणाली. "आणि स्वयंपाकही नीट आहे. परवा आमटीत बाबांनी मीठ घातलं. मग मी घातलं. मग भागीकाकू आल्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय कळतंय, आणि त्यांनीही घातलं."

"अगो बाई! मग?"

"मग काय, यंदा मीठ विकत घेतलंच नाही. आमटीच आगोटीत ठेवलीय."

ताईचा पदर डोक्यावरून घसरला. ती अशी हसली, अशी हसली, की रहाटावरची घागर किणकिणली आणि शेजारच्या अबोलीची फुलं हलली. सोनेरी, चमचमतं हसू झुळझुळत बरणीत उतरलं. अर्धी बरणी भरली आणि काठावरून हाक आली, "होडी सुटलीऽऽ!"

अर्धी तर अर्धी. बकुळेने झाकण घट्ट लावलं.

मग खाडी फुगली आणि गाव एकटं झालं. रोज तिन्हीसांजेला बकुळा चिमूटभर हसू बाहेर सोडी. भांडी किणकिणत. चुलीचा धूरसुद्धा जरा बाजूला सरे. सुंभ वळणारे बाबांचे हात थांबत. एखाद्या दिवशी तेच म्हणत, "बकुळे, आज ताई जरा जास्त काढ गो."

श्रावण लागला तेव्हा बरणीच्या तळाशी एकच हसू उरलं होतं. ते बकुळेने परीसाठी राखून ठेवलं.

आणि एका संध्याकाळी भागीकाकू दारात आल्या. त्यांची जीभ आज मुळीच तिखट नव्हती.

"बकुळे, सोनटीचा ताप उतरला गो, पण पोर हसत नाही. दूध घेत नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तुझ्या ताईच्या मांडीवर कशी खिदळायची ती. तुझ्या घरातून रोज शेवंतेचं हसू ऐकू येतं. कसं, ते मी विचारत नाही. थोडं असलं तर दे."

बकुळेने बरणी छातीशी आवळली. हे दिलं की संपलं. परत कधीच भरणार नाही. पुढच्या पावसाळ्यात ताई नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग तिने बरणी काकूंच्या हातात ठेवली. "झाकण तिच्या कानाशी उघडा," ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. कुंपणापलीकडे ताईचं हसू किणकिणलं आणि विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी काकू बरणी घेऊन आल्या. "सोनटी दूध प्यायली गो! झाकण लावताना तर इतकी खिदळली, की मलाही हसू आवरेना. पण बरणी तशीच आणलीय हो. चिमूटभर साखर घालणार होते, तर डबाच खडखडीत." काकूंचा चेहरा उतरला होता.

"असू दे काकू," बकुळा म्हणाली. तिने बरणी उघडलीही नाही.

नारळी पौर्णिमा आली. खाडी शांत निळी झाली. बकुळा बागेत गेली आणि मान खाली घालून तिने बरणी पुढे केली. "परी, नियम मोडला गं. रिकामी आहे."

"उघडून पाहिलीस?" परीने विचारलं, आणि आपल्या चिमुकल्या हातांनी झाकण उचललं.

आतून खुदुखुदु बाहेर आलं ते सोनटीचं बोळकं हसू! त्याच्या मागोमाग काकूंचं, रडता रडता फुटलेलं, नाकातून फुर्र झालेलं हसू. फुलपाखरांसारखी दोन्ही हसवं बागभर भिरभिरली. बकुळा डोळे पुसता पुसता हसायला लागली, तर तिचंही हसू टुपकन बरणीत पडलं.

"तुमच्या गावात रिकामं भांडं परत करायचं ठरवलं तरी कुणाला जमत नाही," परी म्हणाली. "ठेव ही बरणी तुलाच. आणि हे तुझं भांडं."

परीने पंख पसरले. लाल, गुलाबी, सोनेरी उजेड पानापानांवर सांडला, रातांब्याच्या शेंड्यापर्यंत चढला आणि हलकेच आभाळात मिसळून गेला. गवतात बकुळेची करवंटी उरली होती. तिच्यात काठोकाठ तेल होतं, आणि त्याला अगदी ताईच्या हातांचा वास होता.

इतक्यात काठावरून हाक आली. पहिली होडी लागली होती, आणि होडीत ताई होती.

दुपारी ताईने बकुळेला पुढ्यात ओढून केस मोकळे सोडले. "खोटारडे! एवढं तेल शिल्लक? एक दिवस तरी लावलंस का गो?" आणि ती हसली. फळीवरची भांडी किणकिणली.

उद्या संध्याकाळी होडी ताईला परत घेऊन जाणार होती. बकुळेने हळूच हात लांब केला आणि ताईच्या नकळत बरणीचं झाकण उघडून ठेवलं.